ढकलणारं कोणी नसताना

ऑक्सिजन हवेतून रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत येतो, एवढं आपण सगळे शाळेत शिकतो. परीक्षेत ते लिहिलं की गुणही मिळतात. पण ऑक्सिजन रक्तात जातो म्हणजे त्याला आत कोण नेतं? जठर आम्ल पाझरतं, मूत्रपिंडं क्षार निवडून परत घेतात, लाळग्रंथी लाळ तयार करतात. या कामांत पेशी ऊर्जा खर्च करून पदार्थ इकडून तिकडे नेतात. मग फुप्फुसाच्या पेशीही ऑक्सिजन असाच उचलून रक्तात ढकलत असतील का? प्रश्न भाबडा वाटेल, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले पहिल्या रांगेतले शास्त्रज्ञ याच प्रश्नावरून एकमेकांविरुद्ध उभे होते. त्याचं जे उत्तर मिळालं, ते मानवी शरीराविषयी आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे असं मला वाटतं. हे पुस्तक त्या उत्तराभोवती लिहिलं आहे.

कोपनहेगन विद्यापीठातले क्रिस्टियान बोर हे त्या काळी श्वसनावरचे मोठे अधिकारी. अणूची रचना मांडणारे नील्स बोर हे त्यांचे चिरंजीव. रक्तातल्या आणि फुप्फुसांतल्या वायूंचे दाब क्रिस्टियान बोर यांनी वर्षानुवर्षं मोजले होते. त्यांच्या काही नोंदींत फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा जास्त आला. वायू आपणहून कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जात नाही. तेव्हा बोर यांचा निष्कर्ष सरळ होता: फुप्फुस ही एक ग्रंथी आहे आणि ती ऑक्सिजन रक्तात स्रवते. निसर्गात याला दाखलाही होता. अनेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि खोल पाण्यातल्या माशांच्या या पिशवीतला ऑक्सिजनचा दाब बाहेरच्या पाण्यातल्या दाबाच्या कितीतरी पट असतो. मासे ऑक्सिजन असा कोंडू शकतात, तर माणसाला ते का जमू नये?

ऑगस्ट क्रोग हे बोर यांचे विद्यार्थी आणि साहाय्यक. त्यांची शंका मोजण्याच्या रीतीपासून सुरू झाली. त्यांनी एक उपकरण बनवलं. वाहत्या रक्तात हवेचा अगदी लहानसा बुडबुडा धरून ठेवायचा. लहान असल्यामुळे त्यातल्या वायूंचे दाब रक्तातल्या दाबांशी चटकन जुळतात. मग तो बुडबुडा अतिबारीक काचनळीत ओढून त्याची लांबी मोजायची, कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन पुन्हा मोजायची, ऑक्सिजन शोषून घेऊन पुन्हा. त्यांच्या पत्नी मारी क्रोग स्वतः डॉक्टर होत्या आणि या संशोधनात त्यांचा वाटा बरोबरीचा होता. १९१० मध्ये सात निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. क्रोग पतिपत्नी त्यांना ‘सात छोटे सैतान’ म्हणत. निष्कर्ष असा, की रक्तातला ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा नेहमी कमीच असतो आणि ऑक्सिजन आत जायला नुसतं विसरण पुरतं. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वायू आपोआप पसरतो, तेवढंच. गुरूच्या मताविरुद्ध लिहिताना क्रोग यांनी गुरूचं ऋणही त्याच लिखाणात नोंदवलं. पुढच्याच वर्षी बोर वारले.

वाद मात्र संपला नाही. ऑक्सफर्डचे जॉन स्कॉट हॉल्डेन (पुढे भारताचे नागरिक होऊन भुवनेश्वरला राहिलेले जे. बी. एस. हॉल्डेन यांचे वडील) स्रवणाच्या बाजूने होते. सपाटीवर विसरण पुरत असेल, पण हवा विरळ झाली की फुप्फुस कामाला लागत असेल, असं त्यांचं म्हणणं. १९११ मध्ये ते सहकाऱ्यांसह अमेरिकेत कोलोराडोमधल्या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर जाऊन राहिले आणि तिथल्या मोजमापांवरून आपलंच मत खरं असल्याचं त्यांनी जाहीर केलं. या मोहिमेतल्या मेबल फिट्झजेराल्ड यांना शिखरावरच्या चमूत जागा नव्हती. त्या एकट्या कोलोराडोच्या खाणवस्त्यांतून फिरल्या आणि वेगवेगळ्या उंचीवर कायम राहणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांतली हवा त्यांनी तपासली. शिखरावरचा स्रवणाचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. फिट्झजेराल्ड यांचे आकडे टिकले. ऑक्सफर्डने त्यांना मानद पदवी दिली तेव्हा १९७२ साल उजाडलं होतं आणि त्या शंभर वर्षांच्या झाल्या होत्या.

१९२० मध्ये केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी स्वतःला काचेच्या खोलीत सहा दिवस कोंडून घेतलं. आतला ऑक्सिजन कमी कमी करत नेला आणि शेवटी मनगटाची धमनी उघडून रक्त काढू दिलं. रक्त काळपट होतं, त्यातला दाब हवेपेक्षा कमीच होता. क्रोग यांचं म्हणणं विरळ हवेतही खरं ठरलं. हॉल्डेन यांनी तरीही आपलं मत सोडलं नाही. १९३६ मध्ये ते गेले तेव्हाही त्यांचा स्रवणावर विश्वास होता. एवढा मोठा माणूस इतकी वर्षं अडून राहिला, यावरून ही गोष्ट मनाला पटायला किती अवघड आहे ते कळतं. आपण मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो. धावपटू याच्या वीस पट घेऊ शकतो. आणि तो आत ढकलणारं कोणी नाही.

मग फुप्फुस करतं काय? ते दाबाचा उतार राखतं, आणि त्या उताराच्या वाटेतला अडथळा जवळजवळ नाहीसा करतं. पुढच्या पानांतलं सगळं विवेचन या एका वाक्यातून निघतं.

उतार आधी पाहू. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. त्यातला २१ टक्के वाटा ऑक्सिजनचा, म्हणजे १६० च्या आसपास. नाकातून आणि श्वासनलिकेतून जाताना हवा ओली होते, वाफ आपला ४७ चा वाटा घेते आणि ऑक्सिजनचा दाब १५० वर येतो. फुप्फुसाच्या टोकाला असलेल्या वायुकोशांत तो १०० असतो, कारण तिथून ऑक्सिजन सतत रक्तात जात असतो आणि कार्बन डायऑक्साइड येत असतो. शरीरभर फिरून आलेल्या रक्तात हा दाब ४० असतो. शंभराकडून चाळिसाकडे: हाच तो उतार. कार्बन डायऑक्साइडसाठी उतार उलट्या दिशेचा आणि फारच कमी, ४५ वरून ४०. तरी तो पुरतो, कारण हा वायू ओल्या पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीस पट सहज पार होतो.

इथे एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत बहुधा घाईत निसटते, म्हणून थोडं थांबतो. श्वास सोडला की फुप्फुस रिकामं होतं आणि घेतला की नव्या हवेने भरतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. साधा श्वास सोडल्यावरही फुप्फुसात दोन ते अडीच लिटर हवा उरते. आपण आत घेतो ती जेमतेम अर्धा लिटर, आणि त्यातलीही १५० मिलिलिटर श्वासमार्गातच राहून जाते. म्हणजे प्रत्येक श्वासाला वायुकोशांतली हवा सातव्या हिश्श्याइतकीच बदलते. हे अपुरेपण वाटतं, पण त्यामुळेच वायुकोशांतला दाब शंभराच्या आसपास स्थिर राहतो. श्वास आत जाताना रक्त भरपूर ऑक्सिजन घेऊन आणि बाहेर पडताना उपाशी, असं होत नाही. सोडलेल्या हवेत १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. तोंडाने तोंडात श्वास देऊन बुडालेल्या माणसाला वाचवता येतं ते याच्याच जोरावर.

आता अडथळा. पडद्यातून किती वायू जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: पडदा किती मोठा आणि किती पातळ. श्वासनलिका सुमारे तेवीस वेळा दुभंगत जाते आणि शेवटी वायुकोश लागतात. १९६२ च्या सुमारास एवाल्ड वायबेल आणि डोमिंगो गोमेझ यांनी त्यांची संख्या ३० कोटी काढली. पुढे २००४ मधल्या मोजणीत सरासरी ४८ कोटींच्या घरात आली. सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ७० चौरस मीटर तरी भरतो. मुंबई-पुण्याच्या भाषेत सांगायचं तर साडेसातशे चौरस फुटांची, दोन बेडरूमच्या फ्लॅटची फरशी बरगड्यांच्या आत बसवलेली आहे. आणि जाडी? हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ आहे. तो इतका पातळ की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नव्हता. हवेला रक्तवाहिन्या उघड्याच भिडतात की मध्ये काही आवरण आहे, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नव्हतं. १९५० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक लो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं, की आवरण आहे आणि ते सलग आहे.

त्याही आधी बोलोन्यामध्ये मार्चेल्लो मालपीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या होत्या. रक्त शरीरात फिरतं हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केलं होतं, पण धमन्यांतून ते शिरांत कसं पोचतं हे त्यांना दिसलं नव्हतं. ती दुवा जोडणारी जाळी पहिल्यांदा दिसली ती फुप्फुसातच.

या जाळीतून तांबड्या पेशी जवळजवळ एकामागोमाग एक जातात. विश्रांतीच्या वेळी एका पेशीला त्यासाठी पाऊण सेकंद मिळतो. ऑक्सिजनचा दाब जुळायला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद ही निसर्गाने ठेवलेली शिल्लक आहे. धावताना रक्त झपाट्याने जातं तेव्हा ती खर्ची पडते, आणि पडदा आजाराने जाड झाला तर पहिल्यांदा हीच शिल्लक संपते. म्हणून असा रुग्ण खुर्चीत बसलेला असताना ठीक दिसतो आणि एक जिना चढला की त्याला धाप लागते. बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला सहा मिनिटं चालायला का लावतात, ते यातून कळेल.

हिमोग्लोबिनबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे एवढंच: ते नसतं तर १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळला असता. त्याच्यामुळे २० मिलिलिटर मावतो. शिवाय ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटला की त्याचा दाब मोजणीतून जातो आणि उतार टिकतो.

कोविडच्या काळात, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘सॅच्युरेशन किती?’ हा प्रश्न विचारला जात होता. कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेलेली रेल्वे प्राणवायू भरून नागपूर-नाशिककडे येत असल्याची बातमी लोक श्वास रोखून पाहत होते. तो काळ आठवला की अजूनही अंगावर येतं. पण त्या काळाने एका सबंध समाजाला शरीरक्रियाविज्ञानाचा एक कठीण प्रश्न विचारायला लावला, आणि त्याचं उत्तर नीट द्यावं ही माझी मनापासूनची इच्छा हे पुस्तक लिहिण्यामागे आहे. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरला आहे तो आकडा, आणि तो मोजणारं, बोटाला लावायचं यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. त्याचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं: लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडायचा आणि नाडीच्या ठोक्याबरोबर तो किती शोषला जातो ते पाहायचं. यंत्र उपयोगी आहे, पण गडद त्वचेवर ते कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे आपल्याकडे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

अनेकांना तेव्हा एक गोष्ट कळत नव्हती. आकडा ऐंशीच्या घरात आणि रुग्ण मात्र फोनवर नीट बोलतो आहे, हे कसं? त्याचं एक कारण हॉल्डेन आणि जॉन गिलिस प्रीस्टली यांच्या १९०५ च्या कामात आहे. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरवतो, ऑक्सिजनची कमतरता बरीच उशिरा हाक देते. फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला, तरी उरलेला भाग जास्त हवा घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकतो. ऑक्सिजनची भरपाई मात्र तो तशी करू शकत नाही, कारण त्याच्याकडून जाणारं हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असतं. त्यात आणखी मावत नाही. शिवाय हिमोग्लोबिनचा आलेख सरळ रेषेचा नाही. दाब १०० वरून ६० पर्यंत उतरला तरी सॅच्युरेशन ९० टक्क्यांच्या आसपास राहतं, त्याखाली ते कोसळतं. म्हणूनच नव्वदीच्या वरचे दोन-तीन अंक डॉक्टरांना इतके महत्त्वाचे वाटत होते.

आणि तेव्हा रुग्णांना पालथं झोपवत, ते कशासाठी? फुप्फुसात हवा आणि रक्त दोन्ही पोचणं पुरेसं नाही. ती एकाच जागी पोचायला हवीत. उताणं झोपलं की पाठीकडचा भाग दबतो, हवा तिथे कमी जाते, रक्त मात्र जात राहतं. ते ऑक्सिजनशिवायच परततं. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो. हा मेळ फुप्फुस स्वतःही साधत असतं: जिथे ऑक्सिजन कमी, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त दुसरीकडे वळतं. १९४६ मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलयेस्ट्रांड यांनी हे मांजरांत दाखवलं. एका कोपऱ्यापुरती ही युक्ती फार हुशारीची आहे. पण माणूस मुंबईहून विमानाने थेट लेहला, साडेतीन हजार मीटरवर उतरतो तेव्हा ऑक्सिजनचा दाब सपाटीच्या दोनतृतीयांशावर आलेला असतो, तोही सगळ्या फुप्फुसात एकदम. सगळ्या वाहिन्या आकसतात, आतला दाब चढतो, आणि काहींच्या वायुकोशांत पाणी झिरपू लागतं. लडाखमधल्या जवानांना होणाऱ्या या आजाराचं इंदर सिंग आणि त्यांच्या लष्करी सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये केलेलं वर्णन जगभर मानलं गेलं. सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींनी पहिले दोन दिवस लेहमध्ये गप्प पडून राहावं, हा सल्ला या अभ्यासातून आला आहे; तो कोणी हलक्यात घेऊ नये.

वायुकोश उघडे राहतात तेही आपोआप नव्हे. त्यांच्या ओल्या अस्तराला आकसून बंद होण्याची ओढ असते. अस्तरातल्या काही पेशी एक स्निग्ध द्रव सोडून ही ओढ कमी करतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांत तो पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. तेव्हा उपाय नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा दोन दिवसांत याच आजाराने गेला. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी बाळांच्या श्वासनलिकेत बाहेरून सर्फॅक्टंट सोडून यश मिळवलं. आज आपल्या जिल्ह्याच्या गावांतल्या नवजात अतिदक्षता विभागांतही हे औषध वापरलं जातं.

पडदा किती काम करतो हे मोजायची रीत मारी क्रोग यांनी १९१५ मध्ये दिली, आणि तिच्यात वापरला जातो तो कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे माणसं दगावतात ती यामुळेच. पण अगदी थोड्या प्रमाणात एका श्वासात घेतला, तर तो जितका नाहीसा होतो तितका पडदा चांगला. आजही मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते.

वर्षानुवर्षं चुलीच्या किंवा विडीच्या धुरात गेलेल्या फुप्फुसात वायुकोशांमधल्या भिंती विरत जातात. अनेक लहान कोश मिळून एक मोठा होतो, पृष्ठभाग घटतो. तो पृष्ठभाग परत आणणारं औषध आज नाही. डॉक्टर देतात तो ऑक्सिजन उतार वाढवतो. श्वासातलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ वरून ४० टक्के केलं की वायुकोशातला दाब दोनशेच्या वर जातो, आणि कमी पृष्ठभागातूनही काम भागतं. रक्तातला ऑक्सिजन फार उतरलेल्या अशा रुग्णांनी दिवसाचे पंधरा तास किंवा अधिक ऑक्सिजन घेतला तर आयुष्य वाढतं, हे १९८० च्या सुमारास सिद्ध झालं आहे. पण वायुकोशच पाण्याने किंवा पुवाने भरले असतील, तर तिथून जाणाऱ्या रक्तापर्यंत कुठलाच उतार पोचत नाही. कोविडमध्ये सिलिंडर मिळूनही काही माणसं हाती लागली नाहीत, त्यामागे हे होतं.

अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून रक्त शरीराबाहेर काढून कृत्रिम पडद्यावरून नेतात. त्या यंत्राला एक्मो म्हणतात. त्याचा पडदा सुमारे दोन चौरस मीटरचा, फुप्फुसाच्या मानाने अगदी लहान. ही उणीव पलीकडून जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन वाहवून भरून काढावी लागते. म्हणजे तिथेही सगळी भिस्त उतारावरच. यंत्र देतं तो फक्त वेळ. त्या वेळात फुप्फुस सावरलं तर सावरतं ते सर्फॅक्टंट बनवणाऱ्या त्याच पेशींमुळे. त्या दुभंगतात, पसरतात, पातळ होतात आणि फाटलेला पडदा पुन्हा विणतात. हे त्यांना कसं जमतं आणि कधी जमत नाही, हा या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणाचा विषय आहे.